उभी रेघ आणि दोन ठिपके

इंग्रजीतल्या ‘डर्ट’ला मराठीत काय म्हणायचं, असं कुणी विचारलं की अजूनही माझं डोकं फिरतं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा प्रश्न मला नवा नाही. शब्दकोश उघडला की तो भराभर सांगून मोकळा होतो: माती, धूळ, मळ, घाण, कचरा. पुढं घाणेरडं बोलणं. त्याच्याही पुढं, दुसऱ्याच्या घरातली झाकलेली गोष्ट, जी बाहेर काढली की त्याची अब्रू जाते. आणि सगळ्यात शेवटी, ज्याला काडीची किंमत नाही असा माणूस. शेतातली काळी माती आणि किंमत नसलेला माणूस एका पंगतीला बसवलाय, आणि कोशवाल्यांना त्याचं काही वाटत नाही.

ज्या बाईनं मला या शब्दाचे सगळे अर्थ समजावले, तिला अक्षरओळखही नव्हती. ती कारंज्याची देवकाबाई वरठी. वरठी म्हणजे आमच्याकडचे परीट, कपडे धुणारे. कोशातले बाकीचे अर्थ ती रोज दगडावर आपटायची, आणि शेवटचा अर्थ गावानं तिलाच लावला होता. मलाही लावला होता. फरक इतकाच की ती त्यावर तोंड सोडायची आणि मी गप्प बसायचो. हे लिहिताना मला गावाचा जितका राग येतोय, तितकाच माझाही येतोय.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी कारंज्यात एका शाळेवर लागलो. आज वाशीम जिल्हा म्हणतात, तेव्हा आम्ही अकोल्यातच मोडायचो. गाव माझं धनज. वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली, घरात शिकलेला पहिला मी. पांढरा शर्ट आणि पांढरा पायजमा घालून वर्गात शिरलो की मुलं उभी राहायची. पण तो शर्ट पांढरा ठेवायचा कुणी? वरठ्यांची सात-आठ घरं होती, आणि त्यातलं एकही घर आमच्या लोकांचे कपडे घ्यायचं नाही. तोंडावर कुणी नाही म्हणत नसे. एकाची कपडे वाफवायची भट्टी भरलेली असायची, दुसऱ्याचा साबण संपलेला, तिसऱ्याची आई आजारी. मी वर्षभर चौकशी केली, ती आजारी आई ठणठणीत होती.

म्हणून दर रविवारी मी स्वतःच तळ्यावर जायचो आणि अगदी टोकाच्या दगडावर, आमच्या वस्तीच्या बाजूला, शर्ट आपटत बसायचो. एका रविवारी मागून आवाज आला.

“तुह्या बापानं कापूस पेरला होता काय रे, असा आपटून राह्यला तू?”

मी वळून पाहिलं. पन्नाशीची, काळी, हाडकुळी बाई. कासोटा गुडघ्याच्या वर खोचलेला, हात कोपरापर्यंत पांढुरके पडलेले, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी शर्टाची घडी न करता तो मोकळाच आपटत होतो, त्यामुळं गुंड्या दगडावर फुटत होत्या. ते तिला तिच्या दगडावरून ऐकू आलं होतं. साठ पावलांवरून तिला गुंडी फुटल्याचं ऐकू यायचं.

“गुंड्या आतमंदी घेतल्या काहून नाई? अन् हे निळं पानी कायचं? नीळ टाकली की दऊत सांडली?”

मी म्हणालो, “मावशी, मी बौद्ध आहे. तुमच्यात कुणी घेत नाहीत आमचे कपडे.”

“मले दिसते तू कोन हायेस ते. तुले शर्टाचं इचारून राह्यली मी.”

तिनं शर्ट हिसकावला. माझ्याच दगडावर, माझ्यासमोर, गुंड्या आत घेऊन त्याची गुंडाळी केली आणि चार वेळा आपटला. मग उन्हाकडं धरून पाहिला, काखेतला पिवळा डाग पाहून तिचं तोंड वाकडं झालं, आणि ती तो घेऊन निघून गेली. आठवड्यानं शर्ट परत आला तेव्हा तो माझाच आहे यावर माझा विश्वास बसेना.

पुष्कळांना वाटेल, मोठ्या मनाची बाई, तिनं जात मोडली. तसलं काही नव्हतं. तिला वाईट काम बघवत नव्हतं, एवढंच. मोठ्या मनाच्या लोकांचा मला पुढं भरपूर अनुभव आला. ते भाषणं करतात आणि चहा वेगळ्या कपात देतात.

त्यानंतर माझे कपडे तिच्याकडं जाऊ लागले, पण गुपचूप. शाळेतून येताना मी तिच्या कुडाच्या मागं गाठोडं ठेवायचो. हे तिच्या जातीच्या पंचांना कळलं असतं तर तिची भट्टी बंद झाली असती. भट्टी बंद म्हणजे सगळंच बंद: हाताला काम नाही, सोयरिकी नाहीत, मेलं तर खांदा द्यायला कुणी नाही. हे मला ठाऊक होतं, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

रविवारी मी तळ्यावर तिच्या दगडाजवळ जाऊन बसायचो, तिची भट्टीही तिथंच काठावर होती. ती माझ्याकडं पाठ करूनच बोलायची. आधी गावभरच्या कपड्यांचे ढीग लावायची, आणि ढीग लावताना प्रत्येक कपडा नाकाजवळ नेऊन हुंगायची. काळ्या मातीचे कपडे वेगळे. ते वाळू द्यायचे, झटकायचे, मगच पाण्यात घालायचे. ओली माती चोळणाऱ्या माणसाला ती अडाणी म्हणायची. घामाचा मळ वेगळा. जिनिंगात काम करणाऱ्यांचा तेलकट काळपटपणा वेगळा. पानाची पिंक, हळद, औषधाचे डाग, बाळंतिणीचे कपडे, सगळ्यांची जागा ठरलेली. पोहरादेवीच्या जत्रेतून आलेलं धोतर ती न सांगता ओळखायची, गर्दीत चार माणसांनी काठ तुडवलेला असायचा त्यावरून.

आणि हे सगळं काढायला ती काय वापरायची? शेळीच्या लेंड्या आणि खारी माती. दोन्ही पाण्यात कालवून त्यात मळके कपडे बुचकळायचे, मग भट्टीवर वाफेला रचायचे. पहिल्यांदा ते हिरवट पाणी पाहिलं तेव्हा मी नाक धरलं.

“धर, धर नाक,” ती म्हणाली. “तुह्या शर्टाले याच पान्यातून काढलं मी. तो घालून पोरायले शिकवतं ना?”

मी तिला सांगितलं की इंग्रजांकडं या सगळ्या ढिगांना मिळून एकच शब्द आहे. तिचा हात थांबला.

“सगळ्यायले एकच?”

“एकच.”

“अन् मातीलेबी तेच म्हनतात? जिच्यात ज्वारी होते तिले?”

“हो.”

“मंग त्यायचे कपडे दुसऱ्यानंच धुतले असतीन,” ती म्हणाली, आणि पुन्हा आपटायला लागली.

आता गावाबद्दल सांगतो. देवकाबाई धुतलेले, खळ घातलेले, इस्त्रीचे कपडे घेऊन घरोघरी जायची. ती ओट्यावर चढायची नाही. गाठोडं ओट्याच्या कडेला ठेवायची. घरातून बाई यायची, तांब्यातलं पाणी त्या कपड्यांवर शिंपडायची, आणि मगच ते आत न्यायची. वरठीचा हात लागलेले कपडे म्हणे तसेच घरात नेता येत नाहीत. म्हणजे घाण काढणारीचीच घाण त्यांना चिकटायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची कधीचीच गेलेली होती.

धान्यबाजारातले अडते नानाजी यांच्या घरी एकदा सुनेनं जरा जास्तच पाणी शिंपडलं. कडक इस्त्रीच्या धोतरावर थेंब पडले आणि खळ उतरली. देवकाबाई पाहत उभी होती. तिनं शांतपणे गाठोडं परत बांधलं, डोक्यावर घेतलं, आणि चालायला लागली. सून म्हणाली, “अवो, कोठी चालल्या?” ही म्हणाली, “पानीच पायजे ना तुमाले? तळ्यात लय हाये.” आठ दिवसांनी नानाजींच्या घरचे सगळे कपडे आले, पिळलेले, ओले, बिनइस्त्रीचे. नानाजींना त्या दिवशी चुरगळलेल्या धोतरात बाजारात जावं लागलं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. एवढंच म्हणाली की ओल्या कपड्यांचं ओझं लय झालं होतं, गाढव नेईना.

नानाजींनी तेव्हा तिला सोडलं नाही, कारण तिच्यासारखी धुलाई गावात कुणाची नव्हती. पण ते मनात ठेवलं.

आता त्या खुणेचं सांगायला हवं. गावभरचे पांढरे कपडे एका भट्टीत शिजतात, तर कुणाचं काय हे कळावं म्हणून वरठी प्रत्येक घराला एक खूण देतात. बिब्ब्यात सुई टोचून तिच्या टोकावर येणारं काळं तेल कपड्याच्या कोपऱ्याला लावायचं आणि वर चुना द्यायचा. तो डाग कपडा फाटेपर्यंत जात नाही. नानाजींच्या घराला तीन ठिपके होते. माझ्या पहिल्या गाठोड्याच्या वेळी देवकाबाईनं कॉलरच्या आत एक उभी रेघ काढली आणि तिच्या बाजूला दोन ठिपके दिले.

“सगळे डाग काढतो आमी,” ती म्हणाली, “हा एकच लावतो.”

त्या गावात माझ्या नावाची पाटी कुठंच नव्हती. घरमालक मला ‘ते मास्तर’ म्हणायचे, शाळेत हजेरीपटावर सही असायची तेवढीच. ती रेघ आणि दोन ठिपके पाहून मला जे वाटलं ते मी तिला सांगितलं नाही.

दोन वर्षं असं चाललं. मग तिचा नवरा किसन, जो दिवसभर न बोलता कोळशाची इस्त्री फिरवायचा, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तो खुणा बोटांनी चाचपू लागला, आणि बिब्ब्याचा डाग काही बोटाला लागत नाही. हे त्यानं तिला सांगितलंच नाही. घड्या घालताना माझी पांढरी चादर, मी पहिल्या पगारात घेतलेली, नानाजींच्या कपड्यांत गेली.

नानाजींकडं त्या आठवड्यात मुलीला पाहायला अकोल्याचे पाहुणे येणार होते. गादीवर चादर अंथरताना घरच्या बाईला कोपऱ्यातली खूण दिसली. तीन ठिपके नाहीत, रेघ कुणाची? मास्तरांचे कपडे एवढे पांढरे कसे, अशी कुजबुज गावात आधीपासून होतीच. नानाजींनी दोन आणि दोन चार केले.

रविवारी सकाळी ते तळ्यावर आले. बरोबर वरठ्यांचा एक म्हातारा पंच होता. मी नेहमीप्रमाणं दगडाजवळ बसलो होतो. नानाजींनी काठीच्या टोकावर माझी चादर धरली होती. हाताला लागू नये म्हणून काठीवर.

“देवका, हे निशान कोनाचं?”

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पण एकदा हातातलं काम थांबवलं. मला आज कळतं की ती थांबली होती माझ्यासाठी. तेवढ्या वेळात एक माणूस सहज उठून उभा राहू शकला असता.

मी बसून राहिलो.

“माह्यं हाये,” ती म्हणाली. “माह्या घरची चादर हाये. बुढ्याले दिसत नाई, गेली तिकडं.”

“तुह्या घरी असली चादर?”

“काहून? आमी चादरीवर नाई झोपाव काय?”

पंच पुढं आला. तो तिच्या सासऱ्याच्या वयाचा होता, आवाज मऊ होता. म्हणाला, “देवका, भट्टीवर हात ठेव अन् सांग. मंग आमी काई इचारत नाई.”

वरठी भट्टीची पूजा करतात. नवी भट्टी लावली की आधी तिला हळदकुंकू, नारळ. त्या भट्टीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. देवकाबाई देवळाची पायरी फारशी चढायची नाही, पण रोज सकाळी भट्टीला हात लावून कपाळाला लावायची, हे मी दोन वर्षं पाहिलं होतं.

ती उठली. पदरानं हात पुसले. भट्टीच्या गरम कडेवर उजवा तळहात टेकवून म्हणाली, “चादर माह्यी हाये. निशान माह्यं हाये.”

हात तिनं लगेच उचलला नाही. पंचानं मान खाली घातली. त्याला खरं काय ते कळलं असावं असं मला वाटतं, पण शपथ झाली म्हणजे झाली. नानाजींना मात्र ते पुरलं नाही. त्यांनी चादर तिच्या पायाशी टाकली आणि म्हणाले, “पाव्हन्याच्या अंगाखाली घान घालत होतीस.”

तेव्हा ती जे बोलली त्यानं तळ्यावरचे सगळे दगड थांबले.

“घान? नानाजी, तुमच्या घरचे कपडे वीस वर्सं धुतले मी. तुमच्या घरची घान अठीच सांगू काय, सगळ्यायच्या पुढं?”

नानाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. काठी हातात तशीच राहिली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, सांग, देवकाबाई, सांगून टाक, याची अब्रू या पाण्यात बुडव. सगळा तळ्याचा काठ वाट पाहत होता.

तिनं तोंड मिटलं. खाली बसून पुढचा कपडा उचलला. नानाजी थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. त्या दिवसापासून त्यांचं आणि त्यांच्या भाऊबंदांचं, मिळून अर्ध्या गल्लीचं काम तिच्याकडून गेलं.

सगळे पांगल्यावर मी तिच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. “मावशी, मी बोललो असतो तर तुमचीच भट्टी बंद झाली असती.”

तिनं हातातला कपडा आपटून संपवला. मग त्या पहिल्या भेटीनंतर पहिल्यांदाच माझ्याकडं तोंड करून बोलली.

“ते मी पाह्यलं असतं ना. भट्टी माह्यी, तिची चिंता माह्यी. नाव तं तुह्यं होतं.”

तिनं कपडा पिळून बाजूला टाकला.

“इतलं शिकला तू. तुमच्या वस्तीतले बिनशिकलेले पोट्टे रस्त्यानं छाती काढून चालतात, बोलतात. मले वाटलं, हा तं मास्तर हाये. म्या भट्टीची खोटी शपथ खाल्ली, तुह्या तोंडून एक शबूद नाई निघाला.”

“नानाजींच्या घरचं काय होतं ते?” मी विचारलं. विषय बदलायला विचारलं, हे तिलाही कळलं.

“ते सांगतलं तं नानाजी नाई मरत. त्या घरातली एक पोर मरते. कपड्यात जे दिसते ते दगडावरच सोडा लागते.” मग तिनं माझं धुतलेलं गाठोडं पुढं सरकवलं. “हे ने. आजपासून तुह्ये कपडे तूच धू. गुंड्या आतमंदी घेजो.”

मी वेड्यासारखं चादरीकडं पाहिलं. ती मातीत पडली होती.

“ते नाई भेटत,” ती म्हणाली. “चादर माह्यी हाये. शपथ घेतली ना.”

जातीसाठी तिनं मला कधी नाकारलं नव्हतं. नाकारलं ते या एका गोष्टीसाठी. त्यानंतर मी कोशातला तो शेवटचा अर्थ वाचला की मला नानाजींचं नाही, माझंच तोंड दिसतं. रविवारी मी पुन्हा टोकाच्या दगडावर जाऊ लागलो. ती तिच्या दगडावर असायची. माझी गुंडी फुटल्याचं तिला ऐकू जात असणार. ती वळली नाही.

वर्षाच्या आत नानाजींच्या गल्लीतली घरं एकेक करून तिच्याकडं परत आली. दुसऱ्यांनी धुतलेली धोतरं पिवळी पडत होती, आणि पांढऱ्या धोतरापुढं या लोकांचा राग फार काळ टिकत नाही. नानाजींचंही घर परत आलं. तांब्यातलं पाणीही पहिल्यासारखं चालू झालं.

माझी बदली झाली. निघालो त्या दिवशी एसटी बाजाराच्या रस्त्यानं जाताना गर्दीमुळं नानाजींच्या घरासमोरच थांबली. मी खिडकीत होतो. ओट्याच्या कडेला देवकाबाईचं गाठोडं ठेवलेलं होतं, इस्त्रीच्या कपड्यांचं, चांगलं मोठं. ते गाठोडं माझ्या चादरीत बांधलेलं होतं. खुणेचा कोपरा आत दडवलेला नव्हता. गाठीच्या वर, उन्हात, सगळ्यांना दिसेल असा काढलेला होता. त्या चादरीत नानाजींची धोतरं होती, आणि अर्ध्या गल्लीचे झंपर, सदरे, पायजमे होते. रोज याच चादरीत बांधून ती गावाचे स्वच्छ कपडे गावाला पोचवत होती, आणि कुणाची हिंमत नव्हती विचारायची, कारण शपथ झाली होती.

नानाजींची सून आली. तिनं गाठोड्यावर पाणी शिंपडलं. देवकाबाई कमरेवर हात ठेवून पाहत उभी होती. मग तिची मान वळली आणि तिला खिडकीतला मी दिसलो. तिनं हात केला नाही. चादरीचा तो कोपरा उचलला, त्यानं कपाळावरचा घाम सावकाश पुसला आणि तो पुन्हा गाठीवर नीट मांडला, रेघ आणि ठिपके वर करून.

मी खिडकीतून ओरडून सांगायला हवं होतं. नानाजींचं दार उघडं होतं, सून समोर होती, रस्त्यावर माणसं होती, आणि मला आता त्या गावात राहायचंही नव्हतं. एसटी हलली, मी तेव्हाही बोललो नाही.

देवकाबाई आता नाही, भट्टी नाही, नानाजीही नाहीत. ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा बोलणाऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तरी सांगतो. ती चादर माझी होती. उभी रेघ आणि दोन ठिपके, ते माझं निशाण होतं.